शेठचा सैल घोटा

ट्रायथलॉन हा शब्द वाचून तुम्ही आता सरसावून बसला असाल. आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, आणि शेवटी गळ्यात मेडल घालून ढसाढसा रडणारा माणूस. नाहीतर मग कोणीतरी बुडणार आणि मी उडी मारून त्याला वाचवणार. तर आत्ताच सांगतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नका. मेडल नाही. बुडत कोणीच नाही. उडी मी मारतो, पण ती रोजचीच, आणि ती पण पोटावर पडते. यात फक्त चार पाय आहेत. त्यातले दोन माझे, आणि ते बहुतेक वेळ दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे वागतात.

कारण मी नकला करतो. शाळेपासून. आमच्या पनवेलच्या मराठी शाळेत मी मुख्याध्यापकांचा आवाज काढून एकदा शेजारचा वर्ग घरी सोडला होता. पण आवाज सोपा असतो, तो घशात असतो. खरी मजा चालण्यात आहे. माणसाची चाल करायची तर आधी आपलं अंग सोडून द्यायचं, मग त्याचं वजन कुठे पडतं ते शोधायचं. टाचेवर की चवड्यावर, डाव्या बाजूला की उजव्या. ते एकदा सापडलं की बाकीचा माणूस आपोआप येतो. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि याचे मार्क पण कुठे मिळत नाहीत.

कामाला मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. सकाळी ऑफिसच्या आधी पोहायला जातो. आमचा पूल एका शाळेच्या मागे, पाण्याच्या टाक्यांच्या शेजारी. सकाळच्या बॅचला आम्ही मोजकीच माणसं, सगळी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलेली. आमचे सर जुने पोहणारे. त्यांनी पहिल्याच महिन्यात माझा उपयोग शोधून काढला. झालं असं की पाण्यात आपली किक आपल्याला दिसत नाही. पाय मागे असतात आणि तोंड खाली. सर कितीही बोंबलले की कंबरेतून मार, गुडघ्यातून नको, तरी समोरच्याला वाटतं मी कंबरेतूनच मारतोय. मग सर मला हाक मारायचे आणि म्हणायचे, दाखव रे याला. मी भिंतीचा रॉड धरून पालथा व्हायचो आणि त्या माणसाची किक मारून दाखवायचो. एकजण पाण्यात पण सायकलच चालवायचा. एकजण पाय असे आपटायचा की जणू झुरळ मारतोय. आपली किक बघून माणूस आधी हसायचा, मग गप्प व्हायचा, मग सुधारायचा. सरांची स्वतःची नक्कल मी सर नसतानाच करायचो, कारण मला पोहणं चालू ठेवायचं होतं.

या बॅचमध्ये शेठ होते. शेठ म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, कळंबोलीच्या बाजारात लोखंडी पत्र्याचं मोठं दुकान असलेले. गाव उरणच्या बाजूला, घरचं मिठागर होतं. ते गेलं, जमीन गेली, दुकान आलं. पोहायला उतरताना गळ्यातली चेन काढून गॉगलच्या डबीत ठेवायचे आणि डबी माझ्याकडे द्यायचे, का तर म्हणे हा पळून गेला तरी नकलांवरून कुठेही ओळखू येईल.

शेठना जानेवारीतल्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचं होतं, आणि त्यातून मागे फिरायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. गावच्या गणपतीत, आरती झाल्यावर, मंडळाचा माईक हातात घेऊन त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. बाप आयुष्यभर पाण्यात उभा राहिला, आता मी पाण्यावर आडवा होऊन दाखवतो, असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांपासून शेठना झोप नव्हती. कारण शेठ किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून फक्त पायांनी पुढे जायला लागले की मागे जायचे.

हे मी वाढवून सांगत नाही. बोर्ड हातात, पाय जोरात चालू, पाणी उडतंय, आणि माणूस हळूहळू उलटा येऊन भिंतीला लागतोय. सरांनी कारण सांगितलं की घोटा. किक मारताना पाऊल मागे वळून शेपटीसारखं सैल लोंबलं पाहिजे. पाऊल काटकोनात ताठ राहिलं तर ते पाण्याला पुढे ढकलतं आणि माणूस मागे जातो. शेठ म्हणाले, घोटा ताठच असनार, आमी लहानपनी मिठागरात जमीन तुडवून घट्ट करायचो, टाचांनी, तासन्‌तास. ते पाय आता शेपटी कुठून होतील.

ते कारण सगळ्यांना पटलं. मला पण. मिठागराचे पाय, विषय संपला.

मग घोट्याच्या मागे लागणं सुरू झालं. शेठ दुकानात पत्र्यांच्या थप्पीवर वज्रासनात बसायचे आणि तसेच बसून गिऱ्हाइकाला भाव सांगायचे. खोल पाण्यात उभं राहून, हात वर करून, फक्त किकवर तरंगायचे, म्हणजे तरंगायचा प्रयत्न करायचे. काठावर सर चालत असायचे आणि एकच बोलायचे. सैल सोडा. शेठ, लूज, लूज, मासा बना, दरवाजा नका बनू. घोटा तुमचा नाहीच आहे असं समजा. सोडून द्या त्याला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आत्ता तुमच्यासमोर सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं असतं, पण कागदावर आवाज निघत नाही.

उरलेल्या पावसाळ्यात काही झालं नाही. आणि नवरात्रात एका सकाळी शेठची डावी किक जमली. डावं पाऊल मस्त मागे वळलं, लोंबलं, पाण्याबरोबर गेलं. शेठ बोर्ड घेऊन चक्क पुढे आले. वाकडे आले, कारण उजवा पाय अजून दरवाजाच होता, पण पुढे आले. सरांनी शिट्टी वाजवली. शेठनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. घोट्यासाठी पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. काकी, म्हणजे शेठच्या मिसेस, त्यांना गाडीतून सोडायला आल्या होत्या, त्यांनीच डबा आत आणून दिला. मी दोन उचलले, एक डाव्याचा, एक उजव्याला ऍडव्हान्स.

सरांनी मला सांगितलं, शेठची नवी किक कर, बाकीच्यांना दाखव घोटा कसा सैल पाहिजे. म्हणून मी घरी पलंगावर पालथा पडलो, पाय कडेबाहेर काढले आणि शेठ व्हायला लागलो. उजवा पाय लगेच जमला. तो जुनाच होता, नडगी आवळायची, पाऊल ताठ करायचं. डावा काही जमेना. मी सैल करायचो तर तो माझ्यासारखा सैल व्हायचा, शेठसारखा नाही. माझं पाऊल खाली जायचं आणि वर यायचं. शेठचं खाली जायचं आणि पाण्याने वर आणलं तरच यायचं. शेवटी सापडलं. काही करायचंच नव्हतं. गुडघ्याच्या खाली आपलं काही नाहीच असं धरायचं. तसं धरल्यावर शेठ एकदम बरोबर आले. इतके बरोबर आले की मी उठून बसलो आणि पायाची बोटं हलवून बघितली, माझी आहेत ना म्हणून. आईने विचारलं मुंगी चावली का. मी हो म्हणालो.

सैल सोडलेला पाय आणि सुटून गेलेला पाय बाहेरून सारखाच दिसतो. आतून सारखा नसतो. पण आत फक्त मीच गेलो होतो, आणि माझं म्हणणं ऐकायची कोणाला सवय नव्हती.

तरी मी सरांना सांगितलं. सर, हा सैल झालेला नाही, हा गेलेला आहे, त्यात दम नाही. सर म्हणाले की ट्रायथलॉनला किकमध्ये दम लागतो कोणाला, पाय सायकलसाठी वाचवायचे असतात, किक फक्त अंग सरळ राहण्यापुरती. यात ते चुकीचं काही बोलत नव्हते, सगळे ट्रायथलॉनवाले हेच सांगतात. मग मी शेठना सांगितलं, पुलाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. शेठनी चहाचा घोट घेतला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझा अजून सैल झाला नाय म्हनून जळतोस." टपरीवाला पण हसला. मी पण हसलो.

मग त्यांची डावी चप्पल मागे राहायला लागली. पुलाच्या पायऱ्या चढून शेठ पुढे जायचे आणि चप्पल खालच्या पायरीवर. नंतर चालताना आवाज यायला लागला. उजवं पाऊल ठेवलं की काही नाही, डावं ठेवलं की फट्. आधी टाच नाही, सगळं पाऊल एकदम, ओल्या फडक्यासारखं. एकदा गाडी लावतात तिथे मी बॅचवाल्यांना ते करून दाखवत होतो, फट् आणि शांत, फट् आणि शांत. सगळे हसत होते. काकी गाडीत बसल्या होत्या, काच खाली होती, त्या पण हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मला जवळ बोलावून परत एकदा चालायला सांगितलं. मी चाललो. त्या म्हणाल्या, घरी पन असाच आवाज येतो, मला वाटायचं फरशी ओली आहे.

काकींनी घरी डॉक्टरचा विषय काढला. शेठनी जानेवारीनंतर बघू म्हणून उडवून लावला. आधी गावाला आडवं होऊन दाखवायचं होतं.

दिवाळीनंतर सरांनी आम्हाला उघड्या पाण्याची सवय व्हावी म्हणून कर्नाळ्याच्या पुढे एका धरणावर नेलं. त्या दिवशी शेठ आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहले. मी त्यांच्या मागे होतो, पाय मला दिसत होते. दोन्ही पाय शेपटीसारखे चाललेले. दोन्ही. उजवा दरवाजा पण आता उघडला होता. मी तो बघितला आणि शेठना मनातल्या मनात शाबासकी देऊन विसरून गेलो, कारण पाणी थंड होतं आणि माझं सगळं डोकं पलीकडच्या काठावर कधी पोचतो यात होतं.

ट्रायथलॉनमध्ये पाण्यातून बाहेर आल्यावर थांबायचं नसतं, तसंच ओलं पळत सायकलपर्यंत जायचं असतं. आम्ही तीच प्रॅक्टिस करत होतो. शेठ पाण्यातून उठले, पळायला निघाले आणि डाव्या पावलाची बोटं खाली मुडपली. ते पाऊल उलटं जमिनीवर टेकलं आणि त्यावर अख्खे शेठ आले. तोंड दगडावर आपटलं. ओठ फुटला. आम्ही पळत गेलो तेव्हा ते उठून बसले होते, रक्त पुसत पण नव्हते. नुसते त्या पायाकडे बघत होते. मी खाली बसलो. ते मला हळू आवाजात म्हणाले, "वर उचल म्हनतो त्याला. उचलत नाय."

सर मागे उभे होते. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली.

त्यानंतर काकींनी कोणाचं ऐकलं नाही. वाशीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, मेंदूचे आणि शिरांचे असतात त्यांच्याकडे. मला तिथे काय काम, पण एका सकाळी काकींचा फोन आला की दुपारी ये, तुझी गरज आहे. ऑफिसात मी आजी वारली म्हणून सांगितलं. ती याआधी पण वारली होती, साहेबांनी फक्त मान हलवली.

घोळ असा होता. मणक्याच्या फोटोत एक शीर दबलेली दिसत होती. या वयात अशी खूप जणांची असते म्हणे. पाय त्या शिरेमुळे गेला असेल तर गोष्ट सोपी, ऑपरेशन करायचं, पाय बराचसा परत येतो. पण ती शीर फक्त डाव्या पायाची होती. दोन्ही पाय जात असतील तर मग ते मणक्याचं नाही, वेगळंच काहीतरी, आणि त्या वेगळ्याचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही. कधीपासून होतंय, कसं वाढत गेलं, हे त्यांना नीट कळायला हवं होतं. शेठ सांगत होते की धरणावर पडलो तेव्हापासून. काकी सांगत होत्या, नवरात्रापासून तरी आहेच. डॉक्टरांनी उजवं पाऊल दाबून बघितलं, ते थोडं कच्चं वाटलं, तर शेठ म्हणाले तो पाय पहिल्यापासून असाच, मिठागराचा. शेवटी वैतागून काकी म्हणाल्या होत्या की थांबा, एक पोरगा आहे, तो यांचे पाय करून दाखवतो.

डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले. मला बघून त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी तपासायच्या टेबलाकडे हात केला. मी चपला काढल्या, पालथा झालो, घोट्यापासून पुढचे पाय टेबलाबाहेर. शेठ समोरच्या खुर्चीवर, काकी उभ्या. मी म्हटलं पावसाळ्यातले शेठ, आणि दोन्ही दरवाजे मारून दाखवले. काकी किंचित हसल्या. मी म्हटलं नवरात्रातले, पेढ्यांचे, आणि डावा सोडून दिला. मग टेबलावरून उतरून चप्पल मागे राहते ते केलं, फट् आणि शांत ते केलं. डॉक्टर पुढे सरकून बसले. ते म्हणाले, अगदी शेवटचं काय आठवतंय. मी म्हटलं, धरण. आणि परत पालथा झालो.

माझा हिशोब एवढाच होता की बरोबर करायचं. नक्कल करताना मी विचार करत नाही, विचार केला की ती फसते. डोळे मिटले, ते थंड पाणी आणलं, समोर शेठचे पाय आणले आणि सोडून दिले. कोणी हसेना, कोणी बस म्हणेना. मी डोळे उघडून मान वळवली. डॉक्टर माझ्या पायांकडे बघत होते. काकी बघत होत्या. शेठ पण बघत होते. मी पण बघितलं, आणि मला तेव्हा दिसलं की मी दोन्ही पाय सोडलेत. उजवा पण आवळलेला नव्हता. त्यात पण तेच होतं, गुडघ्याच्या खाली काही नाही.

डॉक्टर उठले. त्यांनी शेठना टेबलावर घेतलं, या वेळी आधी उजवा पाय हातात घेतला आणि बराच वेळ घेऊन राहिले. वर ओढा म्हणाले. अजून ओढा म्हणाले. मग स्नायूत सुया घालून करतात ती तपासणी लिहून दिली. दोन्ही पायांची. जानेवारीतल्या शर्यतीचं शेठनी विचारलं. डॉक्टर लिहितच राहिले आणि म्हणाले, आधी हे होऊ द्या.

काकी तपासणीची वेळ घ्यायला खिडकीपाशी थांबल्या. मी शेठना धरून खाली गाडीपाशी आणलं. म्हणजे त्यांनी धरू दिलं नाही, मी नुसता बाजूला चाललो. गाडीला टेकून ते उभे राहिले. ओठावर टाका होता, त्यामुळे बोलताना तोंड एका बाजूने उघडत होतं. एरवी ते पण मी उचललं असतं.

"तुला कोनी सांगितलं होतं शहानपना करायला," ते म्हणाले. "डाव्यासाठी बोलावलं होतं ना तुला? डावा करायचा, खाली उतरायचं, चहा प्यायचा, घरी जायचं."

मी म्हटलं, शेठ, मी मुद्दाम नाही केला, तो झाला.

"झाला म्हने. तुला कमी करताच येत नाय. पुलावर चार लोक हसतात म्हनून तुझं डोकं फिरलंय. डॉक्टरसमोर पन नाटक. तो काय तुला बक्षीस देनार होता?"

बाजूला एक रिक्षावाला आमच्याकडे बघत होता. शेठनी त्याला पण नजरेने झापलं.

"डावा आजारानं सैल झाला. बरं. फोटोत हाय, मी मानलं. पन उजवा मी केलाय. काय समजलास? पत्र्यावर बसून, गिऱ्हाईक हसतात ते सोसून, रोज. तो माझा मेहनतीचा पाय हाय. धरनावर तू मागे होतास, तू बघितलास ना कसा चालला होता? सरांनी पन बघितला. आनि तू काय केलंस, त्याला पन नेऊन आजारात घातलंस."

"नाय शेठ," मी म्हटलं.

"काय नाय? आता तू परत वर जायचं. डॉक्टरला सांगायचं की चुकलो, मला नीट जमत नाय, उजवा मी माझ्या मनाचा केला. सांगशील?"

मी पण गाडीला टेकलो. वरून काकी कागद घेऊन जिना उतरताना दिसत होत्या.

"सांगशील का ते बोल. तोंडाकडे काय बघतोस माझ्या. एरवी दिवसभर टकळी चालू असते, आता दातखीळ बसली? आनि सरळ उभा राहा. माझ्यासारखा उभा राहू नकोस."